माझा फोटो नेमका जातो कुठे?



आजकाल दर काही महिन्यांनी हॉस्टेलमध्ये एक नवी साथ येते. डेंग्यूची नव्हे, फोटोंची! जुलै २०१९ मध्ये फेसअ‍ॅपने सगळ्यांना म्हातारं करून दाखवलं, तेव्हा आपल्यापैकी बरेच जण शाळेत होते. २०२२ च्या शेवटी लेन्सा नावाच्या अ‍ॅपने दहा-वीस सेल्फींच्या बदल्यात 'जादूई अवतार' दिले. मार्च २०२५ मध्ये चॅटजीपीटीत चित्रं काढायची नवी सोय आली आणि जो तो जिबलीच्या सिनेमातलं पात्र झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये जेमिनीने मुलींना जुन्या हिंदी सिनेमातल्यासारख्या साड्या नेसवल्या.

दर वेळी मेसच्या टेबलावर वाद तोच. एक पार्टी म्हणते, "काय होतंय फोटोने? आपण कोण मोठे लागून गेलोय!" दुसरी म्हणते, "सगळा डेटा विकतात, बघ तू!" गंमत म्हणजे दोन्ही पार्ट्यांतल्या एकानेही त्या कंपनीला कधी विचारलेलं नसतं. आमच्यावर मात्र विचारायची वेळ आली. त्यातून जे कळलं ते सगळ्यांच्या उपयोगी पडेल म्हणून हा लेख.

विचारायची वेळ का आली?

सेंड-ऑफसाठी फायनल इयरच्या सगळ्यांचे कार्टून अवतार करून एक पुस्तिका छापायची, असं कमिटीत ठरलं. एक फुकट अ‍ॅपही सापडलं (नाव इथे देत नाही, कारण मुद्दा त्या एका अ‍ॅपचा नाही). सगळ्यांचे आयकार्ड साइज फोटो गोळा करायचे आणि धडाधड अपलोड करायचे, एवढंच काम. सगळे खूश. फक्त एक ताई अडून बसली. "आधी तो फोटो कुठे जातो ते सांगा, मग माझा घ्या." तिच्या शाळेतल्या एका मैत्रिणीचा चेहरा दुसऱ्याच कोणाच्या अंगावर चिकटवून कोणीतरी तो फोटो गावभर फिरवला होता. त्या मुलीचं कॉलेज सुटलं ते सुटलंच. ताईने हे एवढं सांगितलं आणि नंतर कोणी "कशाला एवढं?" असं म्हटलं नाही.

कमिटीतल्या एकाने अ‍ॅपवाल्यांना एका ओळीचा मेल टाकला : "तुम्ही आमचे फोटो कसे वापरता?" दोन दिवसांत उत्तर आलं. सारांश असा, की तुमची प्रायव्हसी आमच्यासाठी फार महत्त्वाची आहे, आम्ही तुमची माहिती सेवा देण्यासाठी व सुधारण्यासाठी वापरतो, अधिक माहितीसाठी आमचं धोरण वाचा. धन्यवाद!

हे वाचून मला ओरल्स आठवल्या. एक्स्टर्नलने "ट्रान्सफॉर्मरबद्दल काय येतं, सांगा" असं मोघम विचारलं की आपण काय करतो? जे तोंडात येईल ते पाच मिनिटं बोलतो आणि पास होतो. पण त्यांनी "कोअर लॅमिनेट का करतात?" असं विचारलं, की उत्तर एक तर येतं, नाहीतर येत नाही. मोघम प्रश्नाला मोघम उत्तर मिळतं, यात कंपनीचं काही विशेष नाही, आपणही तेच करतो. मग ठरलं की आता आपण एक्स्टर्नल व्हायचं. "तू कॉन्व्हेंटची, इंग्रजी मेल तूच लिही," असं म्हणून काम माझ्या गळ्यात पडलं.

आधी फोटोचा प्रवास समजून घेऊ

नेमकं विचारायचं तर आत काय चालतं ते माहीत हवं. आपल्या गेटसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानाचं उदाहरण घ्या. पूर्वी आपण मार्कशीटचा कागद द्यायचो, काका कॉपी काढायचे आणि कागद परत द्यायचे. हिशेब संपला. आता आपण फाइल पाठवतो. प्रिंट हातात येते, पण फाइल काकांच्या कॉम्प्युटरच्या डेस्कटॉपवर तशीच राहते. कधी तिथे नजर टाका, गेल्या वर्षीच्या पोरांचे बायोडेटा आणि आधार कार्डं रांगेत बसलेली दिसतील!

ए.आय. चित्रांच्या सेवेचं तसंच आहे, फक्त दुकान मोठं. बहुतेक वेळा प्रक्रिया आपल्या फोनमध्ये होत नाही, कारण त्यासाठी दणकट जी.पी.यू. लागतो. फोटो सर्व्हरवर जातो. हा सर्व्हर अनेकदा त्या अ‍ॅपच्या मालकीचाही नसतो, दुसऱ्या मोठ्या कंपनीकडून भाड्याने घेतलेला असतो. तिथे फोटोपासून तीन वेगवेगळ्या गोष्टी तयार होऊ शकतात आणि सगळा घोटाळा या तीन गोष्टी एकच समजण्यात आहे.

पहिली गोष्ट म्हणजे खुद्द फाइल. मूळ फोटो, तयार झालेलं चित्र, त्यांच्या बॅकअपमधल्या प्रती. फोटोच्या फाइलमध्ये तो कधी काढला, कोणत्या फोनने काढला आणि लोकेशन चालू असेल तर कुठे काढला, हेही लिहिलेलं असू शकतं.

दुसरी गोष्ट म्हणजे चेहऱ्याची मापं. चेहरा ओळखणारी यंत्रणा असेल तर ती फोटोचं रूपांतर आकड्यांच्या एका लांबलचक यादीत करते. फोटो पुसला तरी ही यादी मागे राहू शकते आणि तिच्यावरून दुसऱ्या फोटोतले तुम्ही ओळखता येता.

तिसरी गोष्ट म्हणजे मॉडेल. फोटो वापरून मॉडेलला शिकवलं, की मॉडेलमधले आकडे किंचित बदलतात. तिथे तुमची फाइल अशी सापडत नाही, पण शिकलेलं एकट्या तुमच्यापुरतं विसरायला लावणं अजून तरी फार कठीण आहे. शिवाय मॉडेल कधी कधी पाठांतरही करतं. २०२३ मध्ये संशोधकांनी स्टेबल डिफ्यूजन या मॉडेलमधून शिकवणीतली शंभराहून जास्त चित्रं जवळजवळ जशीच्या तशी बाहेर काढून दाखवली. लाखो चित्रांच्या मानाने हा आकडा लहान आहे, पण "मॉडेलमध्ये फोटो राहूच शकत नाही" हे म्हणणं त्याने खोटं ठरवलं.

'डिलीट' म्हणजे कुठून डिलीट?

या तीन गोष्टी मी मनाने काढलेल्या नाहीत. अमेरिकेत एव्हर नावाचं फोटो साठवायचं अ‍ॅप होतं. कंपनीचं नाव एव्हरअल्बम. अकाउंट बंद केलं की फोटो पुसू, असं तिने ग्राहकांना सांगितलं होतं. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने जानेवारी २०२१ मध्ये आरोप ठेवला, की निदान ऑक्टोबर २०१९ पर्यंत कंपनी हे फोटो पुसतच नव्हती आणि ग्राहकांच्या फोटोंतले चेहरे तिने चेहरा ओळखण्याची यंत्रणा शिकवायला वापरले. तडजोड झाली तेव्हा कंपनीला तीन गोष्टी पुसायला लावल्या : बंद अकाउंट्सचे फोटो, स्पष्ट परवानगी न घेता काढलेली चेहऱ्याची मापं आणि त्या फोटोंवर शिकवलेली मॉडेल्स. फाइल, मापं, मॉडेल. नुसतं "डिलीट केलं" यावर त्या अधिकाऱ्यांनी समाधान मानलं नाही.

पुसण्याच्या वचनाला आणखी एक कंगोरा आहे. चॅटजीपीटीत पुसलेलं संभाषण साधारण ३० दिवसांत सर्व्हरवरून काढतो, असं ओपनएआयचं धोरण सांगतं. पण न्यूयॉर्क टाइम्सने लावलेल्या खटल्यात मे २०२५ मध्ये कोर्टाने कंपनीला असा डेटा राखून ठेवायचा हुकूम दिला. ती सक्ती सप्टेंबर २०२५ मध्ये संपली. म्हणजे ग्राहकांनी मधल्या काळात पुसलेलं बरंचसं प्रत्यक्षात जपून ठेवलं जात होतं. यात कंपनीने फसवलं असं नाही. धोरणात "कायद्याने सांगितल्यास वगळून" अशी एक ओळ असते, ती आपण वाचत नाही इतकंच.

सात प्रश्न

हे सगळं समोर ठेवून मी मेल लिहिला. प्रत्येक प्रश्न असा केला, की उत्तर 'हो', 'नाही', एखादा आकडा किंवा एखादं नाव एवढंच येऊ शकेल.

१. प्रक्रिया माझ्या फोनमध्ये होते की सर्व्हरवर? सर्व्हर कोणत्या कंपनीचा, कोणत्या देशात?

२. मूळ फोटो किती तासांनी किंवा दिवसांनी पुसला जातो? बॅकअपमधून किती दिवसांनी?

३. तयार झालेलं चित्र किती दिवस ठेवता? ते दुसऱ्या कोणाला दिसू शकतं का?

४. माझा फोटो किंवा चित्र मॉडेल शिकवायला वापरता का? वापरत असल्यास ते बंद करायचं बटण कुठे आहे? बंद करण्याआधी टाकलेल्या फोटोंचं काय?

५. चेहऱ्याची मापं काढता का? ती साठवता का?

६. फोटो तुमच्याकडचा कोणी माणूस पाहतो का? तो कोणत्या इतर कंपन्यांना दिला जातो? त्यांची नावं द्या.

७. मी पुसा म्हटलं तर किती दिवसांत पुसाल आणि पुसल्याचं लेखी कळवाल का?

शेवटी एक वाक्य घातलं : "धोरणाची लिंक पाठवू नये, त्यातला कोणता परिच्छेद लागू होतो ते लिहावं." हे वाक्य फार कामाचं आहे.

काय उत्तरं आली?

एक स्मरणपत्र पाठवल्यावर नवव्या दिवशी उत्तर आलं. या वेळी लिहिणारा बहुधा खरा माणूस होता, कारण प्रश्नांचे नंबर टाकून लिहिलं होतं. सर्व्हर भाड्याचा, भारताबाहेर. मूळ फोटो ३० दिवसांनी पुसतो, बॅकअपबद्दल शब्द नाही. तयार चित्र अकाउंट असेपर्यंत राहतं. फुकट वापरणाऱ्यांचे फोटो शिकवणीसाठी वापरले जाऊ शकतात, बंद करायचं बटण नाही. मापांबद्दलच्या पाचव्या प्रश्नापुढे काहीच नाही. सहाव्याला "विश्वासू भागीदार" असं मोघम. सातव्याला : सांगितल्यापासून ३० दिवसांत पुसू आणि मेलने कळवू.

म्हणजे सातपैकी चार उत्तरं सरळ, एक अर्धं, दोन नाहीत. चौथं उत्तर आम्हाला कोणालाच आवडलं नाही, पण ते उत्तर होतं. त्यावर निर्णय घेता आला. पहिल्या मेलच्या उत्तरावर काहीही ठरवता आलं नसतं.

कमिटीने ते अ‍ॅप सोडलं. आमच्या एका सिनियरच्या प्रोजेक्टचं जी.पी.यू. असलेलं मशीन लॅबमध्ये होतं. सरांची परवानगी काढली, त्यावर स्टेबल डिफ्यूजन टाकलं (हे मॉडेल ऑगस्ट २०२२ पासून डाउनलोड करायला खुलं आहे), नेटची केबल काढली आणि दोन रात्रीत सगळे अवतार तयार केले. दोघांचे चष्मे गायब झाले आणि एका दाढीवाल्याची गुळगुळीत दाढी झाली, पण एकही फोटो लॅबच्या बाहेर गेला नाही. काम झाल्यावर सरांसमोर फोल्डर पुसला. ताईने तरीही फोटो दिला नाही. तिचं चित्र सिव्हिलच्या एका मुलीने समोर बसवून पेन्सिलने काढलं आणि तेच पुस्तिकेत छापलं.

उत्तर वाचायचं कसं?

प्रश्न विचारणं अर्धं काम, उत्तर वाचणं उरलेलं अर्धं. काही शब्द दिसले की पेन्सिलीने खूण करा.

'बहुतेक' : जुलै २०१९ मध्ये गदारोळ झाल्यावर फेसअ‍ॅपने सांगितलं, की बहुतेक फोटो ४८ तासांत सर्व्हरवरून काढले जातात. ४८ तास हा चांगला आकडा आहे, पण 'बहुतेक' मध्ये माझा फोटो येतो का?

'सेवा सुधारण्यासाठी' : यात बग शोधणंही येतं आणि मॉडेल शिकवणंही येतं. कोणतं, ते परत विचारा.

'विकत नाही' : विकणं आणि देणं वेगळं. फुकट दिलेलं विकलेलं नसतंच.

'वापरू शकतो' : सुरक्षित वाचन एकच. वापरतात असं धरून चाला.

आकडे देणारेही आहेत, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. जेमिनीच्या प्रायव्हसीच्या पानांवर गूगलने लिहिलं आहे, की अ‍ॅक्टिव्हिटी साठवणं बंद ठेवलं तरी संभाषण ७२ तासांपर्यंत राहतं आणि जी संभाषणं माणसांनी तपासली ती तीन वर्षांपर्यंत राहू शकतात. चॅटजीपीटीच्या सेटिंगमध्ये 'डेटा कंट्रोल्स' खाली शिकवणीसाठी वापर बंद करायचं बटण आहे. तीन वर्षं हा आकडा तुम्हाला पटेल किंवा न पटेल, पण तो लिहिलेला आहे. दोन मिनिटांचं काम आहे, आजच सेटिंग उघडून बघा.

कायदा काय म्हणतो?

सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात सांगितलं, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. त्यानंतर ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याचे नियम निघाले. कंपन्यांच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला नियमांत १८ महिन्यांची मुदत ठेवली, म्हणजे मे २०२७. पण कलमं आत्ताच वाचून ठेवण्यासारखी आहेत. कलम ११ नुसार, आपण संमती दिली असेल तर कंपनीने आपला कोणता डेटा घेतला, त्याचं काय केलं आणि कोणाला दिला, याचा सारांश आपण मागू शकतो. कलम १२ दुरुस्ती आणि पुसण्याबद्दल आहे. कलम १३ तक्रारीबद्दल, आणि नियमांनुसार तक्रारीचं उत्तर जास्तीत जास्त ९० दिवसांत द्यायचं आहे. कंपनीकडे तक्रार केल्यावरच बोर्डाकडे जाता येतं, म्हणून पाठवलेले मेल जपून ठेवा.

दोन गोष्टी मात्र लक्षात असू द्या. जो फोटो आपण स्वतःच सगळ्या जगासाठी खुला टाकला, त्याला हा कायदा लागू नाही. आणि ग्रुप फोटोत आपण एकटे नसतो. परवानगी बाकीच्यांचीही लागते, मग कायदा काहीही म्हणो. ज्यांनी काहीच अपलोड केलेलं नव्हतं त्यांचंही नुकसान होऊ शकतं. सप्टेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका चित्रकार बाईंना स्वतःचे दवाखान्यातले फोटो लायन-५बी या चित्रांच्या प्रचंड संचाच्या यादीत सापडले. ते २०१३ मध्ये त्यांच्या डॉक्टरांनी उपचारासाठी काढले होते.

कायद्यातलं मला सगळ्यात आवडलेलं कलम सहावं. संमती साध्या सोप्या भाषेत मागायची, आणि ती मागणी इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचायची सोय द्यायची, असं त्यात आहे. त्या २२ मध्ये मराठी आहे. आज मी कॉन्व्हेंटच्या इंग्रजीच्या जोरावर भांडू शकते. पण साडीच्या त्या लाटेत माझ्या आईनेही फोटो टाकला होता आणि आमच्या मेसच्या मावशींनीही. त्यांनी कोणत्या अटींना 'अ‍ॅग्री' केलं ते त्यांना कोणी मराठीत सांगितलेलं नाही.

तेव्हा सुट्टीत घरी जाल तेव्हा एवढं करा. घरातल्या फोनवर चित्रांची जी अ‍ॅप्स आहेत त्यांची सेटिंग आईबाबांना शेजारी बसवून उघडा, शिकवणीचं बटण सापडलं तर त्यांना विचारून बंद करा. आणि वरचे सात प्रश्न नोटीस बोर्डावर लावून ठेवते आहे, ज्याला हवेत त्याने फोटो काढून घ्यावेत. या फोटोला माझी परवानगी आहे!